मितू, तू जन्मतः अशी नव्हतीस

मितू,

लोक येतात, तुझ्या आईजवळ बसतात आणि म्हणतात, "सुटली बिचारी." आई मान हलवते आणि चहा ठेवायला उठते. मी तिथेच बसून राहते. तू आतल्या खोलीतून काय ओरडली असतीस ते मला ऐकू येतं. बिचारी हा शब्द तुला अजिबात चालत नव्हता. समोरच्या काकूंनी तो एकदा तुझ्या तोंडावर वापरला, तेव्हा तू त्यांना शांतपणे विचारलं होतंस की तुमचे गुडघे दुखतात, मग तुम्हीपण बिचाऱ्या का? काकू बरेच दिवस आपल्या दारावरून गेल्या नाहीत. तू गेलीस त्या सकाळी मात्र सगळ्यात आधी त्याच धावत आल्या. आईला त्यांनीच धरून ठेवलं.

सुटली म्हणजे कशातून सुटली, हे मला कोणी सांगत नाही. त्या शनिवारी तुला किती कामं होती. पंडरीच्या कापड बाजारात जायचं होतं, दुकानात नवीन माल आला होता. दुपारी मला घेऊन नवा रायपूरच्या बसमध्ये बसायचं होतं. आदल्या रात्री जेवताना तू हे सगळं बजावून सांगितलंस आणि झोपायला गेलीस. सकाळी आई उठवायला आली, तेव्हा तू पालथी होतीस, तोंड उशीत. झोपेत फिट आली होती आणि आम्हाला कोणाला कळली नाही. डॉक्टर म्हणाले, अशा फिट येणाऱ्यांत क्वचित असं होतं. औषध चुकलेलं नव्हतं, काळजीत कसूर नव्हती, हेही ते म्हणाले. आई ते ऐकत होती, पण तिची नजर तुझ्या पायांवर होती. एका पायात मोजा होता, दुसऱ्यात नव्हता. डाव्या पायातला मोजा घालणं तुला अवघड जायचं आणि मदत तू घेत नव्हतीस.

मी तुझ्या बापाची बहीण आणि राहिले मात्र तुझ्या आईजवळ. लोकांना याचं नवल वाटायचं. नणंद-भावजयीचं असं कसं जमतं, असं विचारायचे. त्यांना काय सांगणार? जे झालं त्यानंतर तुझ्या आईला, वंदनाला, एकटं सोडून जाणं मला शक्यच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तुला सोडून जाणंही.

तू जन्मलीस तेव्हा ठणठणीत होतीस. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आम्ही लोकांना कायम दुसरंच सांगत आलो. लाल ओढणी डोळ्यांसमोरून फिरवली की तुझी नजर तिच्यामागे जायची. माझा चष्मा तू दोन्ही हातांनी ओढायचीस. दोन्ही हातांनी, मितू. तुझा डावा हात तेव्हा उजव्याइतकाच खोडकर होता.

फक्त एक होतं, तू रडायचीस. संध्याकाळ झाली की सुरू व्हायचीस आणि काही केल्या थांबायची नाहीस. ओव्याची पुरचुंडी करून पोट शेकलं, तेल चोळलं, नजर काढली. कोणी म्हणे आईचं दूध बाधलं, कोणी म्हणे घरात काही दोष आहे. त्या वयाची लेकरं अशी रडतात, काही महिन्यांनी ते आपोआप कमी होतं, एवढं साधं आम्हाला कोणी सांगितलं नाही. राजू, म्हणजे तुझा बाप, तेव्हा रायपूरजवळच्या उरला औद्योगिक भागात एका रोलिंग मिलमध्ये होता. भट्टीजवळचं काम, पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. घरी यायचा तेव्हा डोळे लाल असायचे. तुझ्यावर त्याचा जीव होता, हेही खरं आहे. हे लिहिताना माझा हात अडतो, पण तू असतीस तर म्हणाली असतीस, पूरा लिखो.

त्या सकाळी तो पाळी करून आला होता. वंदना नळावर पाणी भरायला गेली, मी ऑफिसात. तू रडायला लागलीस. त्याने तुला उचललं, फिरवलं, गाणं म्हटलं. तू थांबली नाहीस. मग त्याने तुला दोन्ही काखांत धरलं आणि हलवलं. चूप हो, चूप हो, म्हणत जोरजोरात हलवलं. पाणी उकळायला लागतं त्याहून कमी वेळ. तू गप्प झालीस. त्याला वाटलं झोपलीस. त्याने तुला खाटेवर ठेवलं, पांघरूण घातलं आणि शेजारी तोही झोपला.

वंदना आली तर घर शांत. तिला बरं वाटलं. पण तू दूध ओढेनास, दिलेलं उलटून टाकलंस, हाक मारली तरी डोळा उघडेनास. दुपारी तुझं अंग एका बाजूने झटके द्यायला लागलं. मला ऑफिसात निरोप आला. ऑटोत तू माझ्या मांडीवर होतीस आणि राजू समोर बसून सारखा एकच म्हणत होता, ताई, खाटेवरून पडली, ताई, मी झोपलो होतो.

दवाखान्यात तुझ्या अंगावर एक ओरखडा सापडला नाही. वयस्कर डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी बारीक उजेड घेऊन तुझ्या डोळ्यांत खूप वेळ पाहिलं. मग डोक्याचा स्कॅन झाला. त्यांनी आम्हा तिघांना एका खोलीत बसवलं आणि समजावून सांगितलं. एवढ्या लेकराचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेत जोर नसतो. जोरात हलवलं तर मेंदू आतल्या आत आदळतो, बारीक शिरा तुटतात. मेंदूभोवती रक्त साचतं, डोळ्यांच्या मागे रक्त उतरतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एवढ्याशा खाटेवरून पडून असं होत नाही, हेही त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

"मुझे बच्ची का इलाज करना है," त्या म्हणाल्या. "सच बताइए."

राजू भिंतीकडे बघत होता. मग म्हणाला, "हव. मैंने हिलाया."

वंदना उठली आणि तुला ठेवलं होतं त्या खोलीकडे गेली.

तुझ्या डोक्यातलं रक्त काढलं. सूज उतरेपर्यंत तू नळ्यांमध्ये होतीस. नियमाप्रमाणे दवाखान्याने पोलिसांना कळवलं, शिपाई आला, जबाब झाले. वंदना म्हणाली, मी लेकराकडे बघू का ठाण्याचे चक्कर मारू? पुढे ते प्रकरण उभंच राहिलं नाही. तू वाचलीस, घरी आलीस. त्याच दिवशी मी राजूची बॅग भरली आणि दारात ठेवली. त्याने बॅग उचलली आणि गोंदियाला आमच्या चुलत्याकडे निघून गेला. लोकांना आम्ही सांगितलं, मुलीचा ताप डोक्यात गेला. पुढे पुढे तेही सांगायचा कंटाळा आला, मग म्हणू लागलो, जन्मापासूनच अशी आहे.

पहिली काही वर्षं आम्हाला वाटत होतं, धोका टळला. तुझा डावा हात मुठीतच राहायचा, तू उशिरा चाललीस, पाय ओढत चाललीस, पण चाललीस. फिट यायच्या, औषधाने कमी झाल्या. सगळ्यात कोड्यात टाकलं ते तुझ्या नजरेने. फरशीवरून घरंगळत गेलेला चणा तुला दिसायचा आणि दारात उभी असलेली आई दिसायची नाही. घरात सगळ्यांना वाटायचं, पोट्टी नाटक करून राहिली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे आता बरे आहेत, पण डोळ्यांनी पाठवलेलं मेंदूला वाचता येत नाही. हलणारी वस्तू तिला लवकर कळेल, लाल-पिवळा रंग कळेल. गर्दीत मात्र तिला काहीच वेगळं काढता येणार नाही.

म्हणून गोल बाजारात तू माझा हात सोडायची नाहीस. तिथे भांडी, बांगड्या, टोपल्या, माणसं, सगळं तुझ्यासाठी एकच भिंत असायची. तू डोळे मिटून घ्यायचीस. आणि मी तुला पहिल्यांदा ऑफिसच्या बसमधून नवा रायपूरला नेलं, तो दिवस. लांबच लांब रस्ता, ना दुकान, ना गर्दी, मध्येच एखादी गाडी. तू खिडकीला नाक लावून बसलीस आणि म्हणालीस, "आत्या, यहाँ दिखता है." सगळे त्या भागाला ओसाड म्हणून नाकं मुरडतात. तू एक एक गोष्ट बोटाने दाखवत होतीस. झाड. खंबा. एक आदमी, सायकिल पे. मला रडू आलं आणि तू मला दटावलंस, की मी बघते आहे तर तू का मध्ये मध्ये करतेस.

शाळेत तुला आळशी म्हणत. चौथीपर्यंत कसंबसं निभावलं, पुढे वर्ग चढत गेले आणि तू मागे पडत गेलीस. डॉक्टर म्हणाले, लहानपणीची इजा अशीच असते. जे काम मेंदूला पुढे करायचं असतं, ते करायची वेळ आली की उणीव दिसू लागते. तुला लक्षात राहायचं नाही, लवकर थकायचीस आणि राग आला की आवरायचा नाही. मी तुला पाढे शिकवायला बसायचे. तू पाटी फेकलीस ती माझ्या कपाळाला लागली. मी पट्टी लावून ऑफिसला गेले. संध्याकाळी तू दारात बसून होतीस. माझ्या कपाळावरून बोट फिरवलंस आणि विचारलंस, मेरे अंदर क्या है आत्या, जो रुकता नहीं? तेव्हा तुला खरं सांगायला हवं होतं का, हे मी आणि तुझी आई किती वेळा बोललो असू. ती म्हणायची सांगू, मी म्हणायचे अजून नको.

शेवटी तिनेच सांगितलं. शाळा सुटल्यावर तू तिच्यासोबत पंडरीला ती काम करते त्या कपड्यांच्या दुकानात बसू लागली होतीस. गठ्ठे उघडायचीस, उजव्या हाताने घड्या घालायचीस, लाल-पिवळ्या कापडाचे ठाण वेगळे काढायचीस. शेठ तुला जुनी नोकर असल्यासारखा ओरडायचा आणि तुला ते फार आवडायचं. तिथून घरी आल्यावर एका संध्याकाळी तू भाजी निवडत होतीस. आपल्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका बाळाला झटके येतात असं कळलं होतं. तू विचारलंस, मीपण जन्मापासून अशीच होते का?

आईच्या हातातली भाजी तशीच राहिली. "नाही," ती म्हणाली. "तू जन्मली तेव्हा चांगली होती. तू रडून राहिली होती म्हणून तुह्या बाबानं तुले हलवलं. जोरात. त्यानं तुह्या डोक्याले लागलं."

मला वाटलं तू काही फेकशील. तू भाजी निवडत राहिलीस. निवडता निवडता विचारलंस, त्यांनी हे कोणाला सांगितलं का. आई म्हणाली, डॉक्टरला सांगितलं, म्हणून इलाज नीट झाला. तू मान हलवलीस. मग माझ्याकडे वळलीस.

"तूने उनको निकाला. मेरे लिए, या अपने गुस्से के लिए?"

"तुह्यासाठी," मी म्हणाले.

"मैंने तो बोला नहीं था."

"तू चार महिन्याची होती. काय बोलणार होती?"

"अब तो बोल सकती हूँ. अब किसी ने पूछा?"

आपलं भांडण तिथे सुरू झालं, मितू, आणि ते तसंच राहिलं.

त्यानंतर तू काय केलंस, ते आम्हाला आधी मितानिन दीदीने सांगितलं. ती इथली आशाताईच, पाऱ्यातल्या बाळंतिणींच्या घरी फिरते, टीकाकरणाच्या, म्हणजे लस टोचायच्या, दिवशी अंगणवाडीत बसते. तू तिच्याकडे गेलीस आणि म्हणालीस, मला बायकांशी बोलायचं आहे. तिने तुला बोलू दिलं. पहिल्यांदा तू घाबरलीस, शब्द सापडले नाहीत, एका बाईला हसू आलं तशी तू तिच्यावर खेकसलीस. पण पुढच्या वेळी परत गेलीस. तू फार काही बोलायची नाहीस. डावा हात पुढे करायचीस, मूठ उघडून दाखवायचा प्रयत्न करायचीस, ती उघडायची नाही. म्हणायचीस, मी तुमच्या बाळाएवढी होते, मला कोणीतरी हलवलं. कोणी, ते सांगायची नाहीस. बायका आपापल्या लेकरांच्या मानेखाली हात घालायच्या. मी एकदा दाराशी उभी राहून ते पाहिलं. तुला दिसले नाही, कारण मी हलत नव्हते.

काही महिन्यांनी तू चिडून घरी आलीस. आदमी लोग आते ही नहीं, म्हणालीस. बायकोला सोडतात आणि बाहेर मोटारसायकलवर बसून मोबाईल बघतात. तू बाहेर जाऊन बोललीस तर ऐकल्यासारखं करतात. मग तुझ्या डोक्यात ते आलं. म्हणालीस, त्यांना माणसानेच सांगायला हवं. ज्याने केलं त्या माणसाने.

मी नाही म्हटलं. तू आईच्या मोबाईलवरून गोंदियाला आमच्या काकांना फोन लावलास आणि राजूला रायपूरला बोलावलंस. जागाही तूच ठरवलीस. घरी नको, बाजारात नको. नवा रायपूरचा तो मोकळा रस्ता, बस थांबते तिथे. "मुझे उनको ठीक से देखना है," म्हणालीस.

आपण तिघी शेडखाली उभ्या होतो. बस गेली आणि तो एकटाच मागे राहिला. किती म्हातारा झाला होता. तिथेच खिळल्यासारखा उभा. तू डोळे बारीक करून बघत होतीस, मान इकडेतिकडे करत होतीस आणि तो तुला सापडत नव्हता. शेवटी मलाच बोलावं लागलं. इतक्या वर्षांनी माझ्या भावाशी बोललेला पहिला शब्द.

"राजू, चाल. उभा राहिला तर तिले दिसत नाही."

तो चालत आला. तू त्याला जवळ येऊ दिलंस, त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलंस. त्याच्या ओठांना कंप सुटला होता, म्हणून कदाचित तुला चांगला दिसला असेल. तू त्याला सगळं सांगायला लावलंस. त्याने सांगितलं, काही झाकलं नाही. तू रडत होतीस, मला झोप हवी होती, राग आला, हलवलं. ऐकून तू म्हणालीस, मी माफ करायला बोलावलं नाही. डॉक्टरला खरं सांगितलंत म्हणून मी इथे उभी आहे. आता तेच बाहेर बसणाऱ्या बापांना सांगा.

तो नाही म्हणाला. हात जोडले, रडला, म्हणाला, बेटा, बाकी काहीही सांग. ते नाही होणार माझ्याने. पुढच्या बसने गेला.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, पाहिलंस ना, काय भरवसा त्याचा. तू माझ्यापासून सरकून खिडकीशी बसलीस. घरी आलो. मग म्हणालीस, तू खुश है कि वो नहीं माने. मी खूश नव्हते, मितू. पण दुःखीही नव्हते, हे तू बरोबर ओळखलंस. त्यानंतर आपण किती वेळा वाद घातला. तू म्हणायचीस, माणूस वाईट नसतानाही असं करून बसतो, हेच तर सांगायचं आहे. वाईट माणसाचं कोण मनावर घेतं? मी म्हणायचे, हात तुझा गेला, नजर तुझी गेली, आणि त्याला चांगला म्हणू? तू म्हणायचीस, चांगला कोण म्हणतंय. तेवढ्यावर तुझी औषधाची वेळ व्हायची किंवा माझी बस यायची.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. आपल्या विहारात. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. गोंदियाहून राजू आला होता, मागे चपलांजवळ बसला होता. मी त्याला पाहिलं आणि मान फिरवली. मग रीतीप्रमाणे लोक उठून दोन शब्द बोलू लागले. माझ्या ऑफिसातले एकजण म्हणाले, मुलगी जन्मतःच दुर्दैवी होती, तरी किती हसतमुख. पाऱ्यातल्या एका भाऊंनी तेच म्हटलं. जन्मतःच. आम्हीच शिकवलेलं वाक्य ते आम्हालाच परत देत होते. आईने माझा हात धरला. तिचा हात गरम होता. मला वाटलं ती उठणार.

उठला तो राजू. भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "ती जन्मतः अशी नव्हती. मी तिचा बाप. मी तिले असं केलं."

मग त्याने सांगितलं. पाळी, झोप, रडणं, दोन्ही काखांतली पकड. मध्येच हिंदीत गेला, कारण पाऱ्यातले अर्धे लोक हिंदीवाले. तो खोटं बोलला होता तेही सांगितलं, खाटेवरून पडली म्हणून. म्हणाला, तिने मला हे सांगायला बोलावलं होतं तेव्हा मी पळून गेलो. एक म्हातारी रागाने उठून बाहेर गेली. त्या भाऊंनी खाली मान घातली. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला त्याच्याविषयी काय वाटत होतं ते मला अजून सांगता येत नाही.

लोक उठले, जेवायला बसले. कोणी राजूच्या शेजारी बसलं नाही. तेव्हा मागच्या गल्लीतला तो नवीन लग्नाचा पोरगा, ज्याला आता बाळ झालं आहे, हातात पत्रावळ घेऊन त्याच्यासमोर येऊन उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "भैया, मेरी वाली भी बहुत रोती है. चुप ही नहीं होती. तो फिर करें क्या?"

राजूने वंदनाकडे पाहिलं. त्याला ठाऊकच नव्हतं. काय करू नये एवढंच तो शिकला होता. तुझी आई वाढत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्या दोघांजवळ बसली. म्हणाली, भूक बघायची, लंगोट बघायचा, ताप बघायचा. सगळं ठीक असूनही रडत असेल आणि आपलं डोकं फिरायला लागलं, तर तिला पाठीवर नीट झोपवायचं आणि खोलीतून बाहेर यायचं. पाणी प्यायचं. शेजारच्यांना हाक मारायची. थोड्या वेळाने परत जाऊन बघायचं. रडून लेकरू मरत नाही. आणि चुकून हलवलं गेलंच, तर लपवायचं नाही, त्याच घडीला दवाखान्यात न्यायचं आणि खरं सांगायचं.

"ये सब आपको किसने बताया, चाची?" पोराने विचारलं.

"मितूनं," वंदना म्हणाली.

त्याने आपल्या बायकोला जवळ बोलावलं आणि वंदनाला परत सगळं सांगायला लावलं.

आज घर रिकामं आहे. आई दुकानात गेली. मीच म्हटलं जा, बसून काय करणार. तुला सांगायचं ते सांगून घेते. तुझ्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं होतं तेच आजही देते, त्याला मी तुझ्यासाठीच काढलं. पण तू उलट बोलायला नाहीस, म्हणून हे भांडण मी जिंकले असं मला म्हणायचं नाही. तुझं म्हणणंही मला पूर्ण पटलेलं नाही. त्याला माफ करणं माझ्याने होत नाही. तू तरी कुठे केलंस. पण तू त्याच्याकडे काम मागितलंस, आणि मी इतक्या वर्षांत त्याच्याकडे काहीच मागितलं नाही, त्याने नजरेसमोर येऊ नये एवढं सोडून. तुझा राग माझ्यापेक्षा मोठा असायला हवा होता. तू त्या रागाचं काहीतरी केलंस. हे तुला जिवंतपणी सांगायचं राहिलं. तुला ऐकायला आवडलं असतं आणि तू ते महिनाभर माझ्यावर मिरवलं असतंस.

राजू विहारात उतरला आहे. मंगळवारी अंगणवाडीत टीकाकरण आहे, मितानिन दीदीने त्याला ये म्हटलं. आज सकाळी मी बाहेर झाडत होते, तेव्हा तो फाटकाशी येऊन थांबला. बॅग हातात होती. आत आला नाही.

"ताई," तो म्हणाला, "मी राहू का जाऊ?"

मी झाडणं थांबवलं नाही.

"मले काहून विचारतं?" मी म्हणाले. "तुले मितूनं बोलावलं हाय."